तो पाइप मी कापला

द्वारके,

मेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. तू जिवंत असताना मी तुझ्याबद्दल चांगलं बोलले नाही. आता सुरू केलं तर तूच उठून बसशील आणि विचारशील, "हौसे, काय काम काढलंस?"

तुला जाऊन बारा दिवस झाले. बचत गटाच्या बायका तुझ्या आठवणींची पुस्तिका काढतायत. त्यांनी लिहिलेलं मी वाचलं. एकीनं लिहिलंय, तू मायेची सावली होतीस. दुसरीनं लिहिलंय, तू सगळ्यांची आई होतीस. तुझा स्वतःचा मुलगा चौदा वर्षं तुझ्या दारात आला नाही, ते कुणी लिहिलं नाही. तिसरीनं तुला प्रेमळ म्हटलंय. तू प्रेमळ नव्हतीस. तू हेकट होतीस, तिरकस होतीस, आणि पाहुण्यांच्या पोह्यांतले शेंगदाणे वेचून आपल्या पोराच्या ताटलीत टाकायचीस. मलाही कोरे कागद दिले आणि म्हणाल्या, "मावशी, छानशा आठवणी लिहा." माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर कोंबडीच्या पायांचं. छान लिहिता येत नाही, खरं लिहिता येतं.

खरं एवढंच आहे. फायर स्टेशनच्या मनोऱ्यातला तो पाइप तू कापला नाहीस. मी कापला. हे तुझ्या मिलिंदला कळायला हवं. तोंडानं सांगून पाहिलं. काय झालं ते पुढं येईलच. म्हणून आता लिहिते.

तुला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्याला नाही, तेव्हा थोडं कंटाळून घे.

आपण दोघी स्टेशनच्या मागच्या क्वार्टर्समध्ये भिंतीला भिंत लावून राहिलो. तुझा नवरा बंबाचा ड्रायव्हर. माझा तांडेल, म्हणजे गाडीवरच्या जवानांचा मुकादम. मधली भिंत एका विटेची होती. तुझी फोडणी करपली की ठसका मला लागायचा. घंटा झाली की दोघींचे नवरे भरल्या ताटावरून उठायचे. मी ताट झाकायला गेले की तू म्हणायचीस, "झाकू नकोस गं. माशांना तरी गरम खाऊ दे." तुझा नवरा इतक्या आगींतून परत आला आणि न्हाव्याच्या खुर्चीत अर्धी दाढी झालेली असताना गेला. त्या दिवशी दुपारी तुझ्याकडून काहीच आवाज येईना, म्हणून मी भिंतीवर टकटक केली. तू आतून म्हणालीस, "आहे जिवंत. तुझी आमटी ऊतू जातेय, ती बघ." खरंच ऊतू जात होती. मिलिंदला बापाच्या जागी अनुकंपेवर नोकरी लागली. एकोणीस वर्षांचा होता. हेल्मेट डोळ्यांवर यायचं.

मग ते कंपन्यांचे दिवस आले. हिंजवडीला जाणाऱ्या काचबंद बसगाड्या आपल्या चौकातून जायला लागल्या. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं कोपऱ्यावर उभी राहायची. जागेचे भाव असे चढले, की आपल्या गळक्या स्टेशनाकडेही लोक मान वर करून बघायला लागले. कुणी तरी योजना काढली: दगडी इमारत पाडायची, मोठा टॉवर उठवायचा, खाली दुकानं, स्टेशन एका कोपऱ्यात, आणि आपल्याला वरती नवी घरं. लिफ्टसकट. मला ती योजना आवडली होती. अजून सांगते, आवडली होती.

तेवढ्यात त्या मॅडम आल्या. आर्किटेक्ट. किडकिडीत, सुती साडी, स्कूटरवर बसून. त्यांचं म्हणणं, इमारत पाडायचीच नाही. जे आहे तेच दुरुस्त करून वापरायचं, नवीन माल कमीत कमी आणायचा, पाणी आणि ऊन वाया घालवायचं नाही, आणि स्टेशन लोकांसाठी उघडं करायचं. क्वार्टर्समधल्या सगळ्यांना पटांगणात बोलावलं होतं. मी उभी राहिले.

"लोकांसाठी म्हणजे काय? आग लागली की आम्ही लोकांकडे जातो. आग नसताना लोकांनी आमच्याकडे कशाला यायचं?"

मॅडमनी तोंड उघडायच्या आत तू बोललीस. "म्हणजे आग लागल्यावर कुणाच्या नावानं बोंब मारायची ते आधी माहीत असेल."

सगळे हसले. मॅडमही हसल्या. मला तुझा राग आला. घरी येताना मी म्हटलं, "तुझ्यामुळे माझी लिफ्ट गेली."

"लिफ्ट कशाला हवी तुला? तळमजल्यावर राहतेस."

"मी वर जाणार होते."

"ते सगळेच जाणार आहोत, हौसे. त्याला लिफ्ट लागत नाही."

मॅडमचीच योजना मंजूर झाली. स्वस्त होती म्हणून. पर्यावरणाचं नंतर भाषणांत आलं.

काम वर्षभर चाललं. बंब तेवढे दिवस पटांगणात पत्र्याखाली उभे, आणि घंटा झाली की गवंडी पाट्या टाकून बाजूला पळायचे. कौलं एकेक उतरवून, धुऊन परत बसवली. भिंतींचं सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा केला. छपराचं पाणी पन्हळीतून जमिनीखालच्या जुन्या टाकीत सोडलं. आधी जवानांच्या कवायतीला फवारलेलं पाणी गटारात जायचं. आता पटांगणाला असा उतार दिला, की ते वाळूतून गाळून परत त्याच टाकीत येईल. वर उन्हावर पाणी तापवायची यंत्रं बसली. आगीवरून काळे होऊन आलेल्या पोरांना कधीही कढत पाणी मिळायला लागलं. जुन्या सागवानी दारांच्या फळ्या काढून त्यांचे बाक बनवले. बाजूच्या कोठारात खिडक्या पाडून वस्तीतल्या मुलांसाठी अभ्यासिका केली. समोरच्या एका कंपनीनं तिथं आपले जुने कॉम्प्युटर पाठवले, त्यांतले दोन चालायचे. पुढचा हॉल बायकांच्या गटाला दिला. महिन्यातून एकदा तिथं गॅस पेटला तर काय करायचं ते शिकवायचे. पटांगणात एक पिवळी रेघ ओढली आणि पाटी लावली: "बंब आपल्यासाठी थांबणार नाही. आपण बंबासाठी थांबावे." ती पाटी तू सांगितलेली. मॅडमना 'कृपया' घालायचं होतं. तू म्हणालीस, "कृपया लिहिलं तर वाचत उभे राहतील."

काम चांगलं झालं होतं. मे महिन्यात त्या हॉलमध्ये पंखा लावावा लागत नाही. हे मी तुला कधी म्हटलं नाही. आता म्हणते, कारण तू त्यावर काही बोलू शकत नाहीस.

आता बाकांचं. मॅडमचं डोकं असं, की बाकांच्या बैठकासुद्धा नव्या नकोत. आगीचे जे पाइप बाद होतात, त्यांच्या लांब पट्ट्या कापायच्या आणि खाटेसारख्या विणायच्या. जाड कॅनव्हास, आतून रबर. काम आपल्या गटाला दिलं, आणि गटाची अध्यक्ष तू. बाद पाइप पत्र्याच्या शेडमध्ये ढीग घालून ठेवलेले. प्रत्येकाच्या पितळी टोकाजवळ लाल पट्टा मारलेला. चांगले पाइप धुऊन मनोऱ्यात टांगलेले. तो मनोरा म्हणजे उंच चौकोनी धुराडंच. ओले पाइप कप्पीनं वर ओढायचे, की वाऱ्यावर सुकतात. मिलिंदनं स्वतः येऊन आपल्याला सांगितलं होतं. "आई, मावशी, लाल पट्टा असेल तो तुमचा. मनोऱ्यातल्या पाइपाला हात लावायचा नाही. कुणीच नाही."

"आम्ही काय शाळेत आहोत?" मी म्हटलं होतं.

उद्घाटनाला चार दिवस राहिले. तुझे बाक झाले होते. तू आडव्या-उभ्या नक्षीत विणले होतेस, मी साधे. माझा शेवटचा बाक अर्धा राहिला. शेडमध्ये उरलेला माल कुजका, ओढला की हातात यायचा. तू आलीस, आपल्या बाकावर ऐसपैस बसलीस आणि म्हणालीस, "तुझ्या बाकावरची पोरं उभ्यानं अभ्यास करणार का?"

दुपारची वेळ होती. जवान जेवून पडले होते. मी मनोऱ्यात गेले. कोपऱ्यातला एक पाइप डागाळलेला होता, काळ्या बुरशीसारखे ठिपके. लाल पट्टा नव्हता. मी बोटांनी चाचपला. कडक लागला. तीस वर्षं तांडेलाची बायको. पीठ जुनं झालं की मला चिमटीत कळतं, तसा पाइपही कळतो, असं मला वाटलं. पट्टा मारायचा राहिला असेल, म्हटलं. पट्टे बघून चालणाऱ्या बायका वेगळ्या आणि मी वेगळी. ते ठिपके बुरशीचे नव्हते. आगीच्या काजळीचे होते, धुतल्यावरही राहिलेले. पाइप खणखणीत होता.

गटाची मोठी कात्री घेऊन मी तो मनोऱ्यामागं कापला. कॅनव्हास सहज कापला जात नाही, अंगठ्याला फोड आला. पितळी टोकं तिथंच टाकली. कात्रीही तिथंच राहिली. संध्याकाळपर्यंत बाक विणून झाला. सगळ्यांत घट्ट बाक तो. तू येऊन बघितलास, वर बसून पाहिलास, आणि म्हणालीस, "बरा झालाय." आयुष्यात तू माझं केलेलं हे एकच कौतुक. ते चोरीच्या मालाचं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक वर्दी येऊन गेली, म्हणजे आगीचा फोन. गाडीवरचे पाइप भिजले. आमच्या ह्यांनी मनोऱ्यातले सुके उतरवून गाडीवर चढवायला सांगितलं. सहा टांगले होते म्हणून सहाच असणार, असं धरून ह्यांनी मोजले नाहीत. पाच होते. दुपारी पुन्हा घंटा झाली. पेठेत गाद्यांचं गोदाम पेटलं होतं. बोळ इतका अरुंद, की बंब आत जाईना. मोठ्या रस्त्यावरून पाइपाला पाइप जोडत नेला, आणि एक पाइप कमी पडला. पुढचं टोक मिलिंदच्या हातात होतं. फवारा आगीपर्यंत पोहोचेना, म्हणून तो पाइपाचं टोक ओढून धरून दारात गेला. वरून पेटलेला फोम वितळून गळत होता. तो उजव्या हातावर पडला.

जीव कुणाचा गेला नाही. मिलिंदची दोन बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. त्याचं लग्न ठरत आलं होतं. मुलीकडच्यांनी हात बघितला आणि पत्रिका जुळत नाही म्हणाले. तुम्ही बौद्ध, तुमच्यात पत्रिका बघत नाहीत हे त्यांना तेव्हा आठवलं नाही, तेही तुमच्यातलेच असून.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना पटांगणात उभं केलं. मनोऱ्यामागं सापडलेली पितळी टोकं आणि कात्री त्यांच्या हातात.

"ही कात्री कुणाची?"

"माझी," तू म्हणालीस.

"पाइप कुणी कापला?"

आमचे हे साहेबांच्या बाजूला उभे होते, ताठ. त्यांना निवृत्तीला पाच महिने राहिले होते. पाइप मोजले नाहीत हा एक गुन्हा, आणि आपल्याच बायकोनं कापला हा दुसरा. दोन्ही एकत्र झाले असते तर पेन्शन गेलीच. तू ह्यांच्याकडे बघितलंस, मग माझ्या अंगठ्याकडे. मग तू म्हणालीस, "कात्री माझी आहे म्हटलं ना? मग कापला पण मीच."

"बाई, तुमचा स्वतःचा मुलगा..."

"माहीत आहे माझा मुलगा आहे. मीच जन्म दिलाय."

साहेबांना प्रकरण वाढवायचं नव्हतं. उद्घाटन दुसऱ्या दिवसावर होतं. तू नोकरीत नव्हतीस, तेव्हा तुझं काय करणार? झापलं, गटाला मनोऱ्याकडे फिरकायची बंदी केली. ह्यांना एक ताकीद मिळाली. घरी आल्यावर ह्यांनी माझा हात उलटा करून फोड बघितला आणि म्हणाले, "हळद लाव आणि गप्प बस." मी दोन्ही केलं.

मी तुला विचारायला आले तेव्हा तू मेथी निवडत होतीस.

"का केलंस असं?"

"मनात आलं."

"उपकार करतेस?"

"तुझ्यावर? माझ्याकडे एवढा वेळ नाही. माझ्या गटात झालं. माझ्या गटात माझ्या नकळत काही होतं, असं मी त्या साहेबाला सांगू होय?"

हे तुझं खरं होतं की खोटं, ते मला आजवर कळलेलं नाही. तुझा तोरा मला ठाऊक होता, त्यामुळे खरंही असेल. पुढं मी निरनिराळ्या वेळी विचारलं आणि तू निरनिराळी उत्तरं दिलीस. एकदा म्हणालीस, तांडेल भला माणूस होता म्हणून. एकदा म्हणालीस, ऊन फार होतं, लवकर संपवायचं होतं. हे भांडण तू अर्धं टाकून गेलीस.

पण खरी गोष्ट पुढची आहे. मिलिंद दवाखान्यातून हाताला बँडेज बांधून आला आणि तुला म्हणाला, "आई, मी सांगितलं होतं ना?" मी भिंतीपलीकडून ऐकत होते. तो वाट बघत होता. त्याला तुझ्याकडून एक शब्द हवा होता, चुकलं. तेवढा म्हटला असतास तर पोरगं तुझ्या मांडीवर डोकं ठेवून रडलं असतं. तू म्हणालीस, "जेवायला वाढू का?"

महिनाभरानं तो दुसऱ्या स्टेशनला फोनवर बसायच्या कामावर गेला. हातानं पाइप धरता येत नव्हता. क्वार्टर त्याच्या नावावर होतं, ते सोडावं लागलं. त्यानं वाघोलीला खोली घेतली. तुला चल म्हणाला नाही. तू स्टेशनसमोरच्या बोळात एक खोली धरलीस आणि शिलाई सुरू केलीस.

मी तुझ्या खोलीत येऊन तुझ्याशी भांडले. आठवतं? शिवणाचं मशीन चालू होतं.

"अगं एकदा चुकलं म्हण त्याला."

"मी केलं नाही, ते चुकलं कसं म्हणू?"

"मग साहेबाला हो कसं म्हणालीस?"

"साहेब परका. त्याला काय वाटेल ते सांगेन. पोराशी खोटं रडणार नाही मी."

"मग खरं सांग त्याला."

तू मशीन थांबवलंस. "ते माझं नाही, हौसे. ते तुझं आहे. तू सांग."

आणि परत मशीन सुरू केलंस.

मी सांगितलं नाही. पाच महिने ह्यांच्या पेन्शनसाठी सांगितलं नाही. मग पेन्शन सुरू झाली, वारज्याला दोन खोल्या घेतल्या, तेव्हा ती काढून घेतील म्हणून सांगितलं नाही. मग हे वारले आणि पेन्शन माझ्या नावावर झाली. आता कुणाचं काही बिघडणार नव्हतं. तरी सांगितलं नाही. कारण शोधत बसत नाही, कारण मला माहीत आहे. मिलिंद कुठं भेटला तर "मावशी" म्हणून हातातली पिशवी घ्यायचा. दिवाळीला माझ्याकडे यायचा, चकल्या खायचा, डब्यात घालून दिल्या तर घेऊन जायचा. तुझं पोरगं मला आयतं मिळालं होतं. ते मला सोडवत नव्हतं. त्यानं एकदा चकली मोडता मोडता विचारलं होतं, "आई बरी आहे ना?" मी म्हटलं, "बरी आहे. तिला काय धाड भरलीय?"

त्याच्या लग्नाची पत्रिका तुला पोस्टानं आली. वर लिहिलं होतं, सहकुटुंब. एकट्या बाईला सहकुटुंब. तू लग्नाला गेलीस, मागच्या रांगेत बसलीस, जेवलीस आणि आलीस. मी पुढच्या रांगेत होते. नंतर तू म्हणालीस, "वरणात मीठ कमी होतं." मी म्हटलं, "मला नाही लागलं." तू म्हणालीस, "तुला कसं लागेल?"

चौदा वर्षांत तू मला एवढाच एक टोमणा मारलास. दर महिन्याला दोन बस बदलून वारज्याला यायचीस, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचीस, तिकडच्या गमती सांगायचीस. अभ्यासिकेतलं कोण पास झालं, टाकी कितीपर्यंत भरली, कुणाची गाडी पिवळ्या रेघेवर होती आणि जवानांनी ती उचलून कशी बाजूला ठेवली. त्याच गोष्टीचं नाव तेवढं काढायची नाहीस. बोलून दाखवलं असतंस तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. उपकार करून विसरणारी माणसं बरी असतात. तू विसरलीही नाहीस आणि बोललीही नाहीस. मी तुझा दुस्वास केला, द्वारके. तू जिना चढताना तुझ्या चपलांचा आवाज आला की मी हातातलं भांडं आपटायचे. आणि महिना उलटून चार दिवस झाले, तू आली नाहीस, की मी गॅलरीत जाऊन उभी राहायचे. दोन्ही खरं आहे.

शेवटी दवाखान्यात तुझ्या नाकाला नळी होती. मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, "मिलिंदला सांगू का?"

तू डोळे उघडलेस. चांगले उघडलेस. "आता कशाला?"

"सांगायला हवं."

"मी मरायला लागले, म्हणून तुला धीर आला होय?" दम लागला, थांबलीस, परत बोललीस. "माझ्यासमोर सांगायचं होतं, हौसे. मला त्याचं तोंड बघायचं होतं ते ऐकताना."

मी त्याच संध्याकाळी वाघोलीला फोन केला. त्याच्या बायकोनं उचलला. म्हटलं, त्याला पाठव, आई जास्त आहे. तो सकाळी आला. तू पहाटे गेली होतीस. ही चौदा वर्षं एका बाजूला आणि ती एक रात्र एका बाजूला. फोनवरच सांगता आलं असतं. मी म्हटलं, समोर सांगू.

परवा स्टेशनच्या हॉलमध्ये तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिशरण, पंचशील झालं. पांढऱ्या साड्यांनी हॉल भरला होता. आताचे साहेब बोलले, हे सगळं द्वारकाबाईंनी उभं केलं. पिकलेल्या केसांच्या मॅडम बोलल्या आणि मध्येच रडल्या. मिलिंद पुढं खुर्चीत, शेजारी बायको, मांडीवर मुलगी. मग मी उठले. 

"पाइप द्वारकानं कापला नव्हता. मी कापला. सगळ्यांसमोर सांगते."

मग एका बाईनं डोळ्यांना पदर लावला. दुसरी शेजारणीला म्हणाली, मला स्पष्ट ऐकू आलं, "मैत्रीण असावी तर अशी. मेल्यावरसुद्धा तिचा दोष आपल्या अंगावर घेतायत."

मी ओरडले, "अंगावर घेत नाहीये! माझाच आहे!"

मिलिंद उठून आला. "मावशी, बसा."

"बसत नाही. ऐक. मनोऱ्यातला कोपऱ्यातला पाइप. वर काजळीचे ठिपके. माझ्या ह्या अंगठ्याला फोड आला होता. त्याचाच बाक विणला, अभ्यासिकेत आहे, दाखवते चल."

"हे सगळं आईनं सांगितलं असेल तुम्हाला. तुमच्याशीच तेवढं बोलायची ती."

"अरे, मी सांगतेय ना तुला!"

"मग तेव्हा का नाही सांगितलंत?" त्याचा आवाज अगदी मऊ होता. "मावशी, तुम्ही कुणाला भिणार? साहेबाच्या तोंडावर बोलणाऱ्या तुम्ही. क्वार्टर्समध्ये सगळे तुमच्या तोंडाला भ्यायचे. चौदा वर्षं तुम्ही गप्प बसलात? तुम्ही?"

पेन्शन म्हणायचं होतं, चकल्या म्हणायचं होतं, म्हटलं नाही. त्यानं मी गप्प झाले ते पाहिलं आणि मान हलवली. त्याला जे हवं होतं ते त्याला मिळालं.

"आयुष्यात एकदा खोटं बोललात, तेही तिच्यासाठी," तो म्हणाला. "तुम्हाला ती एवढी मोठी वाटत होती, तर मीच कोण धरून बसणारा? मी माफ केलं आईला, मावशी. तुमच्यामुळे."

मग तो वाकला आणि त्या हातानं माझ्या पायांना हात लावला. मागून त्याची बायको वाकली. मुलीलाही वाकायला लावलं.

तू जे केलं नाहीस त्याची तुला माफी मिळाली, द्वारके. माझ्या तोंडून आशीर्वाद निघाला, सुखी राहा. मी पाय मागं घेतले नाहीत.